बार्ना मियाची रात्रफेरी: आईबाबांना नेणार असाल तर आधी मुक्काम ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सत्तरीतले आईबाबा जूनअखेर पर्थला येणार आहेत, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. ड्रायंड्राच्या जंगलात बार्ना मिया या निशाचर प्राण्यांच्या कुंपणाच्या अभयारण्यात सूर्यास्तानंतर जी वाटाड्यासोबतची फेरी असते, ती सगळ्यांनी मिळून करायची आहे. दुपारी निघून, फेरी आटोपून त्याच रात्री पर्थला परतता येईल का? आणि एवढं जाऊन प्राणी खरंच दिसतात, की अंधारात नुसतीच पायपीट?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दिसतात, आणि दुर्बीण लागत नाही इतक्या जवळून. पहिल्याचं उत्तर मात्र नाही. तुमची खरी अडचण प्राणी दिसण्याची नाहीच, रात्री गाडी चालवण्याची आहे. म्हणून आधी तेच बोलतो.

ड्रायंड्रा पर्थच्या आग्नेयेला साधारण १६५ किलोमीटरवर आहे, दोन तासांहून थोडा जास्त रस्ता. दिवसा हा प्रवास सुखाचा होतो. सूर्य कलला की करडे कांगारू गव्हाच्या शेतांतून आणि रस्त्याकडेच्या गवतातून बाहेर पडतात. मोठा नर पन्नास किलोंच्या आसपास भरतो, आणि हेडलाइटच्या झोतात तो कुठल्या बाजूला उडी मारेल याचा नेम नसतो. शिवाय एक गेला की मागून दुसरा येतोच. दिवसभर जागलेला, फेरीत दीड-दोन तास उभा राहिलेला माणूस रात्री नऊनंतर अशा रस्त्यावर चाकामागे असणं बरं नाही. मागच्या सीटवर आईबाबा आणि लेक झोपलेले असताना तर नाहीच.

गाडी भाड्याची असेल तर करार घरूनच वाचून घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच भाडेकरारांत एक अट असते: शहराच्या हद्दीबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत जनावराला धडक बसली तर विमा लागू नाही, किंवा तुमच्यावर पडणारी रक्कम बरीच वाढते. खडीच्या कच्च्या रस्त्यांबद्दलही अशीच अट असू शकते, आणि ड्रायंड्राच्या आतले बरेच रस्ते कच्चे आहेत. या भागातली खडी गोल, वाटाण्याएवढी असते. तिच्यावर टायर छर्ऱ्यांवरून घसरावा तसा घसरतो. वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं नाही, हे तर कांगारू समोर आला तरी लागू. सरळ रेषेतच ब्रेक दाबा. कांगारू चुकवायच्या नादात गाडी झाडावर जाण्यातला धोका धडकेपेक्षा मोठा असतो.

तर मुक्काम करा. दोन सोयी आहेत. एक, जंगलातच जुन्या वनखात्याच्या वस्तीतली कॉटेजेस, ती ड्रायंड्रा व्हिलेज म्हणून ओळखली जातात. तिथून बार्ना मिया जवळ आहे, त्यामुळे रात्रीची गाडी अगदी थोडी आणि हळू चालवावी लागते. दुसरी सोय म्हणजे नॅरोजिन गाव. तिथे मोटेल, पेट्रोल, किराणा, दवाखाना सगळं आहे, पण फेरीनंतर पंचवीस-तीस किलोमीटर अंधारातून जावं लागतं. आईबाबांचं वय पाहता मी कॉटेजच घेईन. फक्त अंथरूण-पांघरूण स्वतःचं न्यावं लागतं का, हीटर आहे की लाकडाची शेकोटी, हे आरक्षण करतानाच विचारून ठेवा. जंगलातलं पडलेलं लाकूड जाळायला उचलू नका. पोकळ ओंडके ही इथल्या काही प्राण्यांची घरं आहेत.

जून तुम्हाला अनुकूल आहे. या राज्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगड नाही, त्यामुळे हिशोब सोपा: जूनअखेर सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो, डिसेंबरात सव्वासातनंतर. म्हणजे जूनमध्ये फेरी लवकर सुरू होऊन लवकर संपते आणि मुलगी पेंगायच्या आत परत येता. डिसेंबरात हीच फेरी संपेपर्यंत दहा वाजायला येतील. जूनची किंमत थंडीच्या रूपाने मोजायची. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येतो, निरभ्र रात्री त्याच्याही खाली. पुण्याची डिसेंबरची पहाट धरून चालाल तर फसाल, कारण इथे चालणं कमी आणि उभं राहणं जास्त आहे, अंगात ऊब तयारच होत नाही. आईंना साडीऐवजी सलवार किंवा जाड पँट, आत थर्मल, दोन थर लोकर, कानटोपी, जाड मोजे. वरचं जॅकेट मात्र सळसळणारं नायलॉनचं नको, लोकरीचं किंवा फ्लीसचं. बाहीच्या सळसळीने प्राणी दचकतात, आणि तिचा आवाज आपल्याला वाटतो त्याहून दूर जातो.

फेरी रोज नसते. आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळीच असते, गट लहान असतो आणि आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. जुलैतल्या शाळेच्या सुट्ट्यांत जागा लवकर भरतात, तेव्हा विमानाचं तिकीट हातात आलं की आधी फेरीची तारीख धरा, मग कॉटेज. उलट केलंत तर कॉटेज मिळतं आणि त्या दिवशी फेरी नसते. मुलांच्या वयाची अट, चाकाची खुर्ची चालेल का, पाऊस आला तर काय, हे त्याच वेळी लेखी विचारून घ्या. जंगलात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून आरक्षणाचा कागद आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

आता फेरीत नेमकं काय होतं ते सांगतो. आपल्याकडच्या माणसाची अपेक्षा ताडोब्याच्या जिप्सीची असते: प्राणी कुठे दिसला याची खबर, मग धावपळ. इथे जिप्सी विसरा आणि मचाण आठवा. तुम्ही थांबता, प्राणी येतात. आधी वाटाड्या प्राण्यांची ओळख करून देतो. मग लाल प्रकाशाचे दिवे घेऊन कुंपणाच्या आत ठरावीक वाटेने चालायचं आणि ठरावीक जागी गोल करून उभं राहायचं. तिथे थोडं खाणं ठेवलेलं असतं. मिनिटा-दोन मिनिटांत झुडपांतून खसफस सुरू होते.

लाल दिव्यामागे कारण आहे. निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींचा भरणा असतो, आणि या पेशींना लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. पांढरा टॉर्च मारलात तर त्यांचे डोळे दिपतात, ते गोठून उभे राहतात किंवा पळतात. आपल्याही डोळ्यांचं तेच. अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, वय झालेल्या डोळ्यांना त्याहून जास्त, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती सगळी कमाई जाते. म्हणून सुरुवातीच्या माहितीनंतर फोन खिशात नाही, गाडीतच ठेवा. आईबाबांना फेरीआधी अर्धा तास अंधाऱ्या ओसरीत बसवलंत तर त्यांना इतरांपेक्षा जास्त दिसेल.

ही जागा कुंपणाची का, हे माहीत असलं तर बघण्यात अर्थ येतो. युरोपियांनी आणलेले कोल्हे आणि मांजरं, हे इथल्या लहान प्राण्यांचे काळ ठरले. किलो-दोन किलो वजनाचे, जमिनीवर वावरणारे जीव ही या शिकाऱ्यांची नेमकी पसंती. बूडी नावाचा प्राणी तर मुख्य भूमीवरून पार पुसला गेला आणि किनाऱ्याजवळच्या बर्निए, डोर, बॅरो अशा मोजक्या बेटांवर तगला, कारण तिथे कोल्हा पोचला नव्हता. माला या कांगारूच्या छोट्या भाऊबंदाचंही तसंच. त्याची मुख्य भूमीवरची शेवटची रानटी वस्ती तनामीच्या वाळवंटात १९९१ मध्ये संपली. बार्ना मियात भेटणारे बूडी आणि माला असे बेटांवरून आणि संवर्धन केंद्रांतून माघारी आलेल्यांचे वंशज आहेत.

मग ड्रायंड्राच का? इथल्या रानात गॅस्ट्रोलोबियम नावाची शेंगवर्गातली झुडपं वाढतात. त्यांत सोडियम फ्लुओरोॲसिटेट हे जहाल विष असतं. इथले देशी प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ही झुडपं आणि त्यांवर जगणारे किडे खात आल्याने त्यांना ते बऱ्यापैकी पचतं. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला किंवा कुत्र्याला अगदी थोडं विषही पुरतं. देशी प्राणी वाचतात आणि कोल्हे मरतात, म्हणून हेच विष आमिषात घालून राज्याने १९९६ पासून ‘वेस्टर्न शील्ड’ नावाने कोल्ह्यांविरुद्ध मोहीम चालवली आहे. तुमच्यासाठी यातून निघणारी गोष्ट एकच: जंगलात आमिषाच्या सूचनेच्या पाट्या दिसतील, तर जमिनीवर पडलेलं मांसाच्या तुकड्यासारखं काही मुलीला उचलू देऊ नका, आणि ओळखीच्या कुणाचा कुत्रा सोबत नेऊ नका. ड्रायंड्रा २०२२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, कुत्र्यांना तशीही बंदी आहे.

लाल उजेडात रंग कळत नाहीत. पुस्तकातलं चित्र डोळ्यापुढे ठेवून ओळखायला गेलात तर सगळे उंदीरच वाटतील. चाल आणि शेपूट बघा.

बूडी सर्वांत आधी येतो आणि सर्वांत जास्त गोंधळ घालतो. किलो-दीड किलोचा, गोलमटोल, जाड शेपटीचा. खाण्यावरून आपसांत भांडतो, गुरगुरतो, फिस्कारतो. कांगारूच्या गोतावळ्यात बीळ खणून राहणारा हा एकटाच. लोकांच्या पायांमधून बिनदिक्कत जातो, म्हणून इथे एक नियम पक्का: मागे पाऊल टाकायच्या आधी मागे बघायचं. मुलीला हे गाडीतच दोनदा सांगा.

वॉयली त्याच आकाराचा, पण सडपातळ. शेपटीच्या टोकाकडे काळ्या केसांचा तुरा असतो. दचकला की मान खाली घालून, शेपूट ताठ करून बाणासारखा सुटतो. घरट्यासाठी गवत-सालींची जुडी तो शेपटीत गुंडाळून नेतो, ते दिसलं तर नशीब समजा. हा जमिनीखालची बुरशी उकरून खातो. त्या बुरशीचे बीजाणू पसरतात, माती भुसभुशीत होते, पावसाचं पाणी मुरतं. आपल्या चंदनाचा इथला चुलतभाऊ आहे, त्याच्या बियाही हा पुरून ठेवतो आणि काही विसरतो, तिथे झाड उगवतं. या प्राण्याची कथा सरळ नाही. कोल्हे आटोक्यात आल्यावर संख्या इतकी वाढली की १९९६ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून नाव काढलं गेलं, आणि पुढच्या दशकभरात सुमारे नव्वद टक्के वॉयली नाहीसे झाले. नाव पुन्हा यादीत घालावं लागलं.

क्वेंडा तुमच्या बाबांना लगेच ओळखीचा वाटेल. टोकदार नाक, पाठीला पोक, आखूड शेपूट, नाक खुपसून जमिनीत निमुळते खड्डे पाडायची सवय. ‘घूस’ म्हणतील, आणि ते अगदी चुकीचं नाही. या कुळाचं इंग्रजी नाव बँडिकूट हे मुळात तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. घुशीचं नाव इंग्रजांनी भारतातून उचललं आणि इथल्या पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याला चिकटवलं. नातं शून्य, फक्त दिसणं सारखं. वॉयली, बूडी, क्वेंडा ही नावं मात्र इथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या भाषेतली आहेत.

माला लाजरा. झुडपाच्या कडेला सशासारखा अंग मिटून बसतो, हालत नाही. तो सापडतो शोधणाऱ्याला, म्हणून बूडींचा तमाशा चालू असताना एकाने कडेची झुडपं न्याहाळत राहावं.

आणि बिल्बी, ज्याच्यासाठी सगळे येतात. सशासारखे लांब कान, लांब नाक, काळ्या शेपटीचं टोक पांढरं. धावताना शेपूट झेंड्यासारखी वर असते, आणि लाल उजेडात ते पांढरं टोकच आधी दिसतं. मादीच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, नाहीतर बीळ खणताना पिल्लावर माती पडेल. गर्भ जेमतेम चौदा दिवस पोटात, पुढची वाढ सगळी पिशवीत. इथे ईस्टरला सशाऐवजी चॉकलेटचा बिल्बी विकतात, कारण ससा हा इथे आणलेला उपद्रवी प्राणी. बिल्बी दिसेलच अशी हमी कुणी देऊ नये. तो घटकाभर येतो, एखादा घास घेऊन जातो. वारा जोराचा असेल तर शक्यता आणखी घटते, कारण त्याचा सगळा भरवसा कानांवर असतो आणि वाऱ्यात त्याला काही नीट ऐकू येत नाही. मुलीला ‘आज बिल्बी बघायचाय’ असं सांगून नेऊ नका. ‘पाच प्राण्यांपैकी किती ओळखतेस बघू’ असं सांगा, म्हणजे ती रडत परतणार नाही.

चंद्राबद्दल लोक हमखास विचारतात. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेमुळे आपल्याला पौर्णिमा हवीशी वाटते. लहान प्राण्यांचं उलट असतं. लख्ख चांदण्यात घुबडाला ते दिसतात, म्हणून ते सहसा झुडपांची सावली फारशी सोडत नाहीत. इथे खाणं ठेवलेलं असल्याने फरक थोडा कमी पडतो, तरी निवड असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख घ्या. वरती आकाशगंगा मिळते ती वेगळीच, जूनमध्ये तिचा सगळ्यात दाट भाग मध्यरात्रीच्या सुमाराला डोक्यावर असतो.

बहुतेकांचं बिनसतं ते छोट्या गोष्टींवरून. खिशात बिस्किटं किंवा शेंगदाणे राहतात आणि वास काढत बूडी पँटला लटकतो. जेवण फेरीआधी उरकून हात धुवा. डासांचं मलम निघायच्या आधी लावा, तिथे फवारू नका. प्राणी कितीही जवळ आला तरी हात लावायचा नाही, खाली बसायचं असेल तर वाटाड्याला विचारून. बूट जाताना चिखल झाडून स्वच्छ करा: इथल्या मातीतून फायटॉफ्थोरा नावाचा झाडांची मुळं कुजवणारा रोग पसरतो, आणि तो बुटांच्या तळव्यांवरूनही प्रवास करतो. कुंपणाची दारं वाटाड्याच्या मागोमाग, आधीचं बंद झाल्यावरच ओलांडायची.

फोटोचं म्हणाल तर फ्लॅश आणि पांढरा दिवा वर्ज्य. मोठी टेलिलेन्स घरी ठेवा, प्राणी दोन-तीन मीटरवर असतात, तिचा उपयोग नाही. पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरची, एफ १.८ ते २.८ ची लेन्स, आयएसओ ६४००, शटर १/६० च्या आसपास, आणि प्राणी खायला थांबला तरच दाबायचं. लाल उजेडात लाल रंगाचा थर भरून वाहतो आणि चित्र नुसतं लालभडक दिसतं, म्हणून रॉ मध्ये घ्या आणि नंतर कृष्णधवल करा. कॅमेऱ्याचा मागचा पडदा बंद, फोकसला मदत करणारा दिवाही बंद. हे दोन्ही घरीच तपासा, तिथे मेनू शोधत बसाल तर सगळ्यांच्या डोळ्यांवर उजेड.

आईबाबांच्या बाबतीत खरी कसोटी चालण्याची नाही, उभं राहण्याची आहे. वाट फार मोठी नाही, पण अंधारी आणि खडीची. गुडघे दुखत असतील तर काठी न्या, तिच्या टोकाला रबर असू द्या म्हणजे खडीवर खडखडणार नाही. घडीचं स्टूल चालेल का ते आधी विचारा. रात्रीचं कमी दिसत असेल तर एकाने त्यांचा हात धरून चालावं आणि ती जबाबदारी आधीच वाटून घ्यावी. अंधारात ऐन वेळी मुलगी आणि आजी दोघी एकाच हाताला येतात.

दिवसाचा आराखडा असा ठेवा. पर्थहून सकाळी दहाला निघा, वाटेत टाकी भरा, दुपारी दोनच्या आत कॉटेजवर पोचा. मुलीला आणि आईबाबांना तासभर झोपू द्या. साडेचारला पोटभर जेवण, चहाचा थर्मास भरून गाडीत. सूर्य मावळायच्या आत गाडीने फेरीच्या जागी पोचा, म्हणजे कांगारूंच्या वेळेत तुम्ही रस्त्यावर नसता. परतताना कॉटेजपर्यंत ताशी तीस-चाळीसच्या वर जाऊ नका. वाटेत मेलेला कांगारू दिसला आणि मादी असेल तर पिशवीत जिवंत पिल्लू असू शकतं. गाडी सुरक्षित जागी लावता येत असेल तरच बघा, आणि राज्याच्या वन्यजीव हेल्पलाइनला फोन करा. तो क्रमांक आधीच लिहून ठेवा.

मुक्काम अजिबात जमतच नसेल तर ड्रायंड्राचा हट्ट सोडा. पर्थच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत, शहरापासून तासाभराच्या आत, काराकामिया हे कुंपणाचं अभयारण्य आहे. मार्टिन कॉप्ली यांनी १९९१ मध्ये ती जमीन घेऊन सुरू केलेलं. तिथे वॉयली, क्वेंडा आणि टॅमर वॉलबी हा छोटा कांगारू भेटतात. लेस्मर्डीतल्या कनयाना पुनर्वसन केंद्रात बिल्बी बघता येतो. दोन्हीकडे संध्याकाळच्या फेऱ्या कधी असतात ते आधी विचारून घ्या.

मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच पर्थची वाट धरू नका. ड्रायंड्राचा सर्वांत देखणा प्राणी दिवसा हिंडतो: नंबॅट, राज्याचं बोधचिन्ह. पाठीवर पांढरे पट्टे, अर्ध्या-पाऊण किलोचा, दिवसाला वीस हजारांपर्यंत वाळवी फस्त करणारा. वाळवी मातीच्या वरच्या थरात येते ती ऊन तापल्यावर, म्हणून थंडीत नंबॅटही उशिरा उठतो. पहाटे धुक्यात भटकून काही हाती लागत नाही. सावकाश नाश्ता करा, दहाच्या सुमाराला निघा, गाडी ताशी वीसच्या आत, काचा खाली, आणि डोळे वांडू या निलगिरीच्या जातीच्या झाडाच्या पडलेल्या ओंडक्यांवर. आईबाबांना पुढच्या सीटवर आणि खिडकीशी बसवा. दिसला तर इंजिन बंद करा, दार उघडू नका. शेपूट बाटली घासायच्या ब्रशासारखी फुलवून तो ओंडक्यावर उभा राहतो, तेवढ्यात सगळ्यांनी बघून घ्यायचं.